कॅमेरा दुरुस्तीचं एस्टिमेट कसं वाचावं, आणि बिल फुगलं तर काय करावं

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात धडधडीत खोटा आकडा सहसा कुणी सांगत नाही. आकडा खराच असतो. तो नेमका कशाचा, एवढंच मोघम ठेवलेलं असतं. मी बरीच वर्षं एका वर्कशॉपच्या काउंटरवर होतो. कॅमेरे ताब्यात घ्यायचे, एस्टिमेट लिहायचं, गिऱ्हाइकाला फोन करून होकार-नकार विचारायचा. स्क्रूड्रायव्हर कारागिरांच्या हातात, कागद माझ्या. दुसरीकडचं एस्टिमेट घेऊन "हे बरोबर आहे का हो?" असं विचारायला येणारे लोक कायम असायचे. ते कागद वाचून वाचून दराची भाषा कळायला लागली. ती भाषा कशी वाचायची आणि तिला उत्तर कसं द्यायचं, ते सांगतो.

जाहिरातीतला आकडा

"दुरुस्ती अमुक रकमेपासून पुढे" असं लिहिलेलं असतं, तो दर सगळ्यात किरकोळ कामाचा असतो. कॉन्टॅक्ट (विजेची जोडणी होते ते धातूचे ठिपके) पुसणं, सैल स्क्रू आवळणं, बॅटरीचं झाकण बदलणं. तुमचं काम त्यात बसण्याची शक्यता फार कमी. म्हणून खालचा आकडा ऐकून खूश होऊ नका, वरचा विचारा: "माझं मॉडेल हे, तक्रार ही. अशी कामं जास्तीत जास्त कितीपर्यंत जातात?" यावर "उघडल्याशिवाय काहीच सांगता येत नाही" असं उत्तर आलं तर ते निम्मंच खरं आहे. नेमकी रक्कम सांगता येत नाही, हे बरोबर. पण त्या मॉडेलचं शटर (प्रकाशासाठी उघडझाप करणारा पडदा) बदलायला किती लागतात, हे काउंटरवरच्या माणसाला झोपेतसुद्धा सांगता येतं.

"तपासणी मोफत" याचा अर्थ बहुतेक ठिकाणी "आमच्याकडे दुरुस्ती केलीत तर मोफत" असा असतो. नकार दिलात की तपासणीचे, पुन्हा जोडणीचे आणि परत पाठवण्याचे पैसे निघतात. तपासणीचे पैसे घेण्यात काही गैर नाही. आधुनिक कॅमेरा उघडून पुन्हा बंद करण्यात कारागिराचा बराच वेळ जातो आणि तो फुकट का द्यावा? गैर आहे ते हे पैसे नकारानंतर सांगणं. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, की मी नाही म्हटलं तर कॅमेरा परत हातात येईपर्यंत एकूण किती द्यावे लागतील. नकाराची किंमत आधी कळली की पुढच्या वाटाघाटीत तुमचा हात दगडाखाली राहत नाही.

बाकी कर, कुरिअर, विमा, "हाताळणी शुल्क" ही शेपटं असतातच. "सगळं धरून किती?" एवढा एक प्रश्न त्यांना पुरतो.

ठोक दराची मेख

ठोक दर, म्हणजे पार्ट आणि मजुरी वेगळी न मांडता घेतलेली एक ठरलेली रक्कम, ही लबाडी असं समजू नका. काही कंपन्यांची स्वतःची सर्व्हिस सेंटरंही कामाच्या किरकोळ, मध्यम, मोठं अशा पायऱ्या पाडतात आणि पायरीप्रमाणे ठरलेली रक्कम घेतात. पडलेल्या कॅमेऱ्यात तीन-चार गोष्टी एकदम बिघडल्या असतील तर हा दर गिऱ्हाइकाच्या फायद्याचा पडतो. बिघाड एकच आणि बारीक असेल, तर मात्र दुसऱ्या कुणाच्या चक्काचूर झालेल्या कॅमेऱ्याचा खर्च तुम्ही उचलता.

पायरी कोण ठरवतं आणि कधी, इथे खरी मेख आहे. फॉर्मवरची तक्रार वाचूनच पायरी ठरली असेल, तर तो अजून अंदाज आहे. दोन प्रश्न विचारा. हे काम याच पायरीत का? आणि उघडल्यावर बिघाड लहान निघाला तर पायरी खाली येते का? वर चढलेली एस्टिमेटं मी ढिगानं पाहिली आहेत, खाली उतरलेली फार थोडी.

एक नेमकं उदाहरण घ्या. पेंटॅक्सच्या के-३० आणि के-५० या मॉडेलांत फोटो काळे येण्याची तक्रार जगभर गाजलेली आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं, प्रकाश कमी-जास्त आत सोडणारं छिद्र) हलवणाऱ्या यंत्रणेतला एक छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) अडकतो. एक दुकान म्हणेल, अख्खा अ‍ॅपर्चर ब्लॉक बदलावा लागेल. दुसरं म्हणेल, नुसता सोलेनॉइड बदलू. दोन्ही कामं खरी, दोन्हींनी कॅमेरा चालतो, पण किमतीत मोठं अंतर. "अ‍ॅपर्चर दुरुस्ती" एवढंच लिहिलेल्या एस्टिमेटवरून तुम्हाला यातलं काय मिळणार ते कळत नाही. पार्टचं नाव लिहून मागा.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर प्रत्येक महाग एस्टिमेट तुम्हाला चोरी वाटेल. कॅननच्या २४-१०५ एफ/४ एल या जुन्या झूम लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची फ्लेक्स केबल तुटते. केबल म्हणजे प्लास्टिकची एक पातळ पट्टी. लोक तिची किंमत शोधून काढतात आणि बिल बघून भडकतात. पण ती पट्टी बसवायला लेन्स जवळजवळ पूर्ण मोकळी करावी लागते आणि जोडल्यावर काचांचे गट पुन्हा जुळवावे लागतात. ही मजुरी आहे आणि ती जास्तच असणार. तीच गोष्ट माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याची. कॅनन ईएफमध्ये माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिलिमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर. त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरकही फोकसवर दिसतो. वाकलेला माउंट नुसता बदलून भागत नाही, मोजावा लागतो. ज्यांच्याकडे मोजायचं साधन नाही त्यांचा दर कमी असतो, आणि तो का कमी आहे ते फोटोंत दिसतं.

पार्ट कुठला?

निकॉननं २०१२ साली अमेरिकेतल्या स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे पार्ट विकणं बंद केलं, आणि २०२० साली तिथली अधिकृत स्वतंत्र दुकानांची व्यवस्थाही गुंडाळली. कंपन्यांच्या अशा धोरणांमुळे छोट्या दुकानांना नवीन पार्ट मिळवणं अवघड जातं. मग ते मेलेल्या कॅमेऱ्यांतून पार्ट काढून वापरतात. माझ्या मते यात वाईट काही नाही. जुन्या मॉडेलांना तर तेवढाच आधार असतो. पण काढलेल्या पार्टला नव्याचा भाव लावणं ही फसवणूक झाली. एस्टिमेटवर "नवीन", "वापरलेला" की "दुसऱ्या कंपनीनं बनवलेला" हे प्रत्येक पार्टपुढे लिहून घ्या. शटर वापरलेलं असेल तर ते किती चाललं आहे तेही विचारा. शटरचं आयुष्य कंपन्या साधारण १,००,००० ते २,००,००० उघडझाप असं धरतात. कॅनन ५डी मार्क ४ साठी १,५०,०००, निकॉन डी८५० साठी २,००,०००. त्यातला मोठा भाग खर्ची पडलेलं शटर नव्याच्या दरात घेणार का, ते तुम्हीच ठरवा.

आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. आधीच मागायचा, काम झाल्यावर नाही. नंतर तो "कचऱ्यात गेलेला" असतो. काही कंपन्या जुना पार्ट स्वतःकडे ठेवण्याच्या अटीवरच नवा देतात. तसं असेल तर त्याचा फोटो तरी द्यायला हरकत नसते.

दुकानात जाण्याआधी घरी काय बघायचं

ज्याला स्वतःच्या बिघाडाबद्दल काहीच सांगता येत नाही, त्याच्या माथी काहीही मारता येतं. "फोटो नीट येत नाहीत" हे वाक्य फॉर्मवर लिहिलंत की पायरी ठरवायचा अधिकार तुम्ही समोरच्याला देऊन टाकलात. त्यापेक्षा घरी थोडा वेळ घालवा.

बिघाड बॉडीत आहे की लेन्समध्ये, हे आधी वेगळं करा. कुणाची तरी लेन्स लावून बघा, तुमची लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून बघा. कॅनन "एरर ०१" दाखवत असेल तर कॅमेरा आणि लेन्सचा संवाद तुटतोय. कोरड्या स्वच्छ कापडानं दोन्हीकडचे कॉन्टॅक्ट पुसून पुन्हा बघा. लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर चालते आणि एफ/८ वर, म्हणजे छिद्र बारीक करून, नेली की एरर येतो, असं असेल तर संशय अ‍ॅपर्चरच्या यंत्रणेवर किंवा तिच्या केबलवर जातो. एवढं वाक्य फॉर्मवर लिहिलंत तर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो. "एरर ९९" मात्र कशाचाही असू शकतो. त्यावरून मदरबोर्ड गेल्याचं कुणी फोनवर सांगितलं तर मान डोलवू नका.

सेन्सरवर धूळ आहे का, ते बघायला एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी धूसर ठिपके दिसले तर धूळ आहे. ठिपके व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात पण फोटोत नाहीत, तर धूळ फोकसिंग स्क्रीनवर किंवा प्रिझममध्ये, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्याच भागात आहे आणि फोटोंचं त्यानं काही बिघडत नाही. ही धूळ काढायला सेन्सर सफाईचे पैसे देऊ नका. तसंही सफाई होते ती सेन्सरच्या पुढे बसवलेल्या काचेच्या फिल्टरची. "सेन्सर फार नाजूक, म्हणून दर जास्त" असं सांगणाऱ्याला हे ठाऊक असतं.

काळोखात लांब एक्स्पोजर दिल्यावर लाल-निळे चमकते ठिपके दिसत असतील, तर सेन्सर बदलण्याच्या गोष्टी सुरू होण्याआधी मेनू चाळा. ऑलिम्पसमध्ये पिक्सेल मॅपिंग आणि पॅनासॉनिकमध्ये पिक्सेल रिफ्रेश नावाची सोय आहे. थोडा वेळ लागतो, पैसे लागत नाहीत.

शटर किती वेळा चाललं आहे तेही बघून ठेवा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो. एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) वाचणारं कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर तो दाखवतं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत फाइलमधून तो मिळत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आकडा २५,००० असताना "शटर झिजलंय" असं कुणी म्हणालं तर विचारायला तुमच्याकडे काहीतरी असतं. शटर लवकरही मरू शकतं, पण मग त्याचं कारण झीज नसून दुसरं काही असतं आणि ते त्यानं सांगायला हवं.

शेवटी, तुमचा बिघाड कंपनीनं स्वतःच कबूल केलेला आहे का ते शोधा. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर ठिपके यायचे. २०१४ साली निकॉननं वॉरंटी संपलेल्या डी६०० चीसुद्धा मोफत तपासणी आणि शटर बदलून देण्याचं जाहीर केलं. डी७५० ला फ्लेअरसाठी (फोटोत नको तिथे उजेड पसरणं) आणि नंतर शटरसाठी अशाच सूचना निघाल्या होत्या. कॅननच्या पहिल्या ५डी मध्ये आरसा निखळायचा, तोही कंपनी मोफत बसवून द्यायची. या योजना कायम चालत नाहीत आणि दुकानदारानं त्या स्वतःहून सांगाव्यात अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. मॉडेलचं नाव आणि "सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरी" असं लिहून कंपनीच्या साइटवर शोधा, तुमचा सीरियल नंबर त्यात बसतो का बघा.

एवढं झालं की कॅमेऱ्याचे फोटो काढा. सीरियल नंबर, चारही बाजू, तळाचे स्क्रू, माउंट, स्क्रीन, लेन्सची पुढची-मागची काच. स्क्रूंचा फोटो विशेष महत्त्वाचा. कॅमेऱ्यातले अधिक चिन्हाचे स्क्रू बहुतेक जपानी मापाचे असतात. साध्या फिलिप्स टोकानं फिरवले की त्यांची डोकी खरवडली जातात. "हा आधीच कुणीतरी उघडलाय, म्हणून जादा पैसे" हा आरोप आला तर तुमचा फोटो उत्तर देतो. मेमरी कार्ड, पट्टा, फिल्टर, ज्यादा बॅटरी काढून घरी ठेवा. पावतीवर जे काही देताय ते सीरियल नंबरसकट लिहून घ्या.

एस्टिमेट मागायचं पत्र

फोनवर बोला जरूर, पण आकडा लेखी घ्या. मेसेज चालतो, ईमेल उत्तम. मी गिऱ्हाईक असतो तर असं लिहिलं असतं:

"नमस्कार. कॅमेरा आणि लेन्स (दोन्हींचं मॉडेल आणि सीरियल नंबर) दुरुस्तीसाठी देत आहे. तक्रार: एफ/४ वर फोटो येतो, एफ/५.६ च्या पुढे एरर येतो. दुसरी लेन्स लावल्यास बॉडी व्यवस्थित चालते. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. सापडलेला बिघाड, बदलायचे पार्ट, त्यांची नावं आणि ते नवीन की वापरलेले, पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी, कर आणि वाहतूक धरून एकूण रक्कम, हा दर किती दिवस लागू राहील, काम नाकारल्यास किती आकारणी होईल, दुरुस्तीवर किती दिवसांची हमी आणि ती नेमकी कशावर. माझ्या लेखी होकाराशिवाय काम सुरू करू नये आणि मंजूर रकमेपेक्षा जास्त काम करू नये. बदललेले पार्ट परत हवेत."

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं. ते नसेल तर "तुम्हीच म्हणालात ना, चालू करून द्या" असं उत्तर येतं. फॉर्मवर सही करण्याआधी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. "एस्टिमेटच्या अमुक टक्क्यांपर्यंतची वाढ ग्राहकाला मान्य आहे" असं कलम तिथे असू शकतं. ते पेनानं खोडा, शेजारी सही करा, त्याची प्रत घ्या. खोडू देत नसतील तर कॅमेरा उचलून बाहेर पडा. अजून तो तुमच्या हातात आहे.

हमीबद्दल एक गोष्ट जाता जाता. हमी बदललेल्या पार्टवर आहे की तक्रारीवर, हे विचारा. पार्टवर असेल आणि तोच एरर दुसऱ्या कारणानं पुन्हा आला, तर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

"उघडल्यावर अजून एक सापडलं"

हा फोन येणारच असं धरून चाला. कधी तो अगदी खरा असतो. पडलेल्या लेन्समध्ये बाहेरून फोकस रिंग अडकलेली दिसते, आतून एका काचेची बैठक तुटलेली निघते. उघडण्याआधी हे कुणालाच कळत नाही. खरा फोन आणि उकळायचा फोन यांतला फरक काही प्रश्नांत बाहेर येतो.

पहिला प्रश्न: या नव्या बिघाडामुळे मला कुठली अडचण दिसायला हवी होती? खऱ्या बिघाडाला लक्षण असतं. "स्टॅबिलायझर युनिट (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा भाग) गेलंय" म्हणतात आणि तुमचे संथ शटरस्पीडचे फोटो कालपर्यंत स्वच्छ येत होते, तर जुळत नाही. दुसरा: हे नवं काम नाही केलं, तर मूळ काम मूळ दरात पूर्ण होतं का? "नाही" म्हणत असतील तर का नाही, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. तिसरा: फोटो पाठवा. कॅमेरा उघडाच आहे, हातात फोन आहे, फोटोला कितीसा वेळ लागतो? फोटोत सीरियल नंबर किंवा ओळखू येणारी खूण दिसू द्या.

"आत पाणी गेलंय" याला वेगळं सांभाळावं लागतं, कारण त्यानं एका झटक्यात वॉरंटीही जाते आणि दरही चढतो. पाणी गेलं असेल तर खुणा राहतात: हिरवट-पांढरा थर, काळवंडलेले कनेक्टर, स्क्रूच्या डोक्यावर गंज. खाऱ्या पाण्याचं असेल तर फारच. त्यांचे फोटो मागा आणि गंज कुठल्या बोर्डवर आहे ते विचारा. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या कॅमेऱ्याच्या एखाद्या स्क्रूवर थोडा गंज असणं आणि कॅमेरा पाण्यात पडणं या दोन गोष्टी एक नाहीत. फरक पटला नाही तर नकार द्या आणि दुसऱ्याकडे दाखवा.

नकार देतानाही लेखीच द्या: "वाढीव काम मंजूर नाही. कॅमेरा पूर्ण जोडून, दिला होता त्या अवस्थेत परत करावा. ठरलेलं तपासणी शुल्क भरायला तयार आहे." "पूर्ण जोडून" हे दोन शब्द विसरू नका. नकार दिलेला कॅमेरा पिशवीत सुट्ट्या तुकड्यांत परत मिळालेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. आणि स्वतः तो जोडायच्या भानगडीत पडू नका. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात कपॅसिटर असतो, त्यात बॅटरी काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

फिल्म कॅमेरे

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची बाजारात पुन्हा चलती आहे आणि त्यांच्या दुरुस्तीत मोघमपणाला सगळ्यात जास्त वाव आहे. तिथे "सीएलए" हे बिरुद लावलं की दर दुप्पट होतो. सीएलए म्हणजे सफाई, वंगण आणि जुळवणी. कुणी खरंच वरची पट्टी काढून शटरची यंत्रणा धुऊन, वंगण देऊन, प्रत्येक वेग यंत्रावर मोजून जुळवतो. कुणी बाहेरून पुसून, प्रकाश अडवणारे नवे फोम चिकटवून तेच नाव देतो. निवाडा सोपा आहे: शटरच्या प्रत्येक वेगाचं आधीचं आणि नंतरचं मोजमाप लिहून मागा. ज्याच्याकडे शटर टेस्टर आहे तो आनंदानं देतो. नाही म्हणणाऱ्याला सफाईचे पैसे द्या, जुळवणीचे नाही.

लाइटमीटर चुकतो म्हणून दुरुस्तीला टाकण्याआधी बॅटरी बघा. साठ-सत्तरच्या दशकांतले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. त्या बॅटऱ्या पाऱ्यामुळे बाजारातून गेल्या आणि तिथे लोक १.५ व्होल्टची अल्कलाइन घालतात. मग मीटर चुकीचं सांगतो, पण तो बिघडलेला नसतो. झिंक-एअर बॅटरी किंवा व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॅप्टर वापरून आधी बघा.

कॅनन एई-१ चं बटण दाबल्यावर दम्याच्या रोग्यासारखा आवाज येतो, हेही प्रसिद्ध दुखणं. आरशाच्या यंत्रणेतली चाकं कोरडी पडलेली असतात. योग्य जागी वंगणाचा अंश पोचला की आवाज जातो. त्यासाठी "शटर बदलावं लागेल" असं एस्टिमेट आलं तर ते घडी करून खिशात ठेवा आणि नमस्कार करा.

लेन्समधल्या बुरशीचं मात्र सरळ आहे. बुरशी निघते, पण तिनं काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते डाग निघत नाहीत. "शंभर टक्के पूर्ववत" असं आश्वासन देणाऱ्याला, डाग राहिले तर पैसे किती कमी घेणार, हे आधी विचारून ठेवा.

आणि तरीही बिल फुगलंच तर

काउंटरवर आवाज चढवून उपयोग होत नाही. समोर बसलेल्या माणसाला दर ठरवायचा अधिकार बहुधा नसतो. शांतपणे मंजूर एस्टिमेट आणि बिल शेजारी शेजारी ठेवा. कुठल्या ओळी नव्या आहेत, त्यांवर बोट ठेवा आणि विचारा, "याला माझा होकार कुठे आहे?" व्यवस्थापकाशी बोलायचं आहे म्हणा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडणं या एका प्रश्नावर संपतात, कारण होकार दाखवता येत नाही.

तुम्हाला कॅमेरा लगेच हवाय, दुसऱ्या दिवशी काम आहे, आणि ते पूर्ण रक्कम घेतल्याशिवाय देत नाहीत, अशी कोंडी झाली तर पैसे भरा, पण बिलावर लिहा: "मंजूर एस्टिमेटपेक्षा जास्त रक्कम मान्य नाही, हक्क राखून भरत आहे." तारीख, सही. दुकानाच्या प्रतीवरही लिहा. पैसे कार्डानं किंवा माग राहील अशा रीतीनं भरा, रोख नको. बिल तपशीलवार घ्या. "दुरुस्ती खर्च, एकूण" अशा एका ओळीच्या बिलावर पुढे कुठेच भांडता येत नाही.

निघण्याआधी तिथेच कॅमेरा तपासा. मूळ तक्रार गेली का, आकाशाचा एफ/१६ चा फोटो, सगळी बटणं, फ्लॅश, स्क्रू जागेवर आहेत का, सीरियल नंबर तोच आहे का. कुरिअरनं आला असेल तर पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा.

मग तक्रार. ती लांबलचक नको, एक पान. काय ठरलं, कधी ठरलं, किती आकारलं, फरक किती, तुम्हाला काय हवं, कुठल्या तारखेपर्यंत. सोबत एस्टिमेट, मेसेज, बिल. "तुम्ही चोर आहात" हे वाक्य मनात कितीही आलं तरी कागदावर आणू नका. त्यानं वाचणाऱ्याचं लक्ष आकड्यावरून उडतं. साधारण असं: "अमुक तारखेला मंजूर केलेली रक्कम १००, आकारलेली १६०. वाढीव ६० साठी माझी मंजुरी घेतलेली नाही. दोन आठवड्यांत ही रक्कम परत करावी." दुकान एखाद्या कंपनीचं अधिकृत सेंटर असेल तर त्या कंपनीच्या ग्राहक विभागालाही तेच पत्र पाठवा. अधिकृत पाटी लावायला मिळणं हा त्यांचा धंद्याचा प्राण असतो, त्यामुळे तिथून आलेल्या फोनला लगेच उत्तर मिळतं. पाटी लावलेली असूनही कंपनीच्या यादीत दुकानाचं नाव नाही, असंही निघतं. मग तीच तुमच्या तक्रारीतली पहिली ओळ.

तारीख उलटली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराला हरकत घ्या. याला मुदत असते, म्हणून दुकानाच्या "पुढच्या आठवड्यात बघू" वर थांबून राहू नका. लेखी एस्टिमेट आणि त्याहून मोठं बिल एवढे दोन कागद बँकेला पाठवायला पुरतात. त्याच्याही पुढे ग्राहक तक्रार निवारणाची तुमच्याकडे जी यंत्रणा असेल ती. तिथेही हेच कागद लागतात, नवं काही जमवावं लागत नाही.

ऑनलाइन परीक्षण लिहायचं असेल तर पैशांचा निकाल लागल्यावर लिहा. आधी लिहिलंत तर ते काढून टाकण्याच्या बदल्यात परतावा, अशी घासाघीस सुरू होते आणि मूळ हिशेब बाजूला पडतो. लिहाल तेव्हा मॉडेल, बिघाड, एस्टिमेटचा आकडा आणि बिलाचा आकडा लिहा. त्याच मॉडेलचा कॅमेरा घेऊन पुढे जाणाऱ्याला त्या दोन आकड्यांवरून "जास्तीत जास्त किती?" याचं उत्तर आयतं मिळतं.